अरवनाचे खळे आणि नाताळच्या माळा

आजचे वाचन: २ शमुवेल २४:१८-२५, मार्क १४:३-९, लूक २:१-१४



आपल्या जिल्ह्यात सध्या धानाचे दिवस आहेत. बांधाबांधावर पुंजणी दिसतात, कुठे चुरणे चालू आहे, तर कुठे पोती खरेदी केंद्रावर नंबर लागायची वाट बघत पडली आहेत. आजचा पहिला उतारासुद्धा एका खळ्यावरच घडतो. देशात मरी पसरली आहे आणि अरवना यबूसीच्या खळ्यावर वेदी बांध, असा निरोप दाविदाला मिळतो. राजा स्वतः दारी आलेला पाहून अरवना म्हणतो, खळे घ्या, होमासाठी बैल घ्या, सरपणाला मळणीची औतं आणि जू घ्या, सगळं तुमचंच. दाविदाला फुकट घेता आले असते. पण तो नाही म्हणतो. ज्यासाठी आपली काही झीज झाली नाही ते देवाला कसे वाहू, असा त्याचा विचार. शेवटी तो चांदीचे ५० शेकेल मोजून खळे आणि बैल विकत घेतो आणि मगच वेदी बांधतो.

हा उतारा आजच का? गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या तरुण संघाची बैठक झाली. नगरपरिषदेला निवेदन द्यायचे, असे ठरत होते. चौकापासून मंडळीच्या फाटकापर्यंत २० डिसेंबर ते १ जानेवारी पालिकेच्या खर्चाने दिव्यांच्या माळा आणि तारे लावावेत, ही मागणी. कोणीतरी शंका काढली तेव्हा एक मुलगा ताडकन उठला. म्हणाला, "काका, बाकी सणाले चौक उजळते. मंग आपल्यालेच अंधार कायले? आपण काय पाहुणे हाओ का या गावात?"

त्याचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. गावात मूठभर असलेल्या समाजाला आपण इथलेच आहोत हे दिसावे असे वाटणे ही काही हाव नाही. आणि सरकारी पैशाने नाताळ उजळल्याचे उदाहरण आपल्या देशात आहे. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर २०११ पासून पश्चिम बंगाल सरकारच्या पुढाकाराने नाताळचा उत्सव होतो. रस्ताभर रोषणाई असते आणि ती पाहायला सगळ्या धर्मांची माणसे लोटतात. ती गर्दी पाहून कोणाला वाईट वाटेल?

कायदाही आड येत नाही. घटनेच्या अनुच्छेद २७ प्रमाणे एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी म्हणून कोणावर कर लादता येत नाही. पण २०११ मध्ये हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी वापरला तर या अनुच्छेदाचा भंग होईल, थोड्या खर्चाने होत नाही. त्या मापाने चार दिवसांच्या माळा म्हणजे किरकोळ गोष्ट.

पण प्रियांनो, कायद्याची परवानगी मिळाली म्हणून आपला विचार तिथे संपत नाही. हा पैसा कोणाचा, ते जरा बघा. ग्रामपंचायतीची कराची पावती काढून वाचा. घरपट्टीच्या खाली बहुतेक ठिकाणी 'दिवाबत्ती कर' असा रकाना असतो. तो मजूरही भरतो आणि राईस मिलचा मालकही भरतो. गोंड, बौद्ध, मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, सगळे भरतात. देताना कोणी म्हणत नाही की यातून माझ्या देवाचा दिवा लावा. सगळे एवढेच म्हणतात, रस्त्यावर दिसू द्या.

लूकने लिहिलेली जन्मकथासुद्धा सरकारी दप्तरातूनच सुरू होते. कैसर औगुस्ताची आज्ञा सुटते आणि योसेफ गरोदर मरीयेला घेऊन नाव नोंदवायला बेथलेहेमास जातो. असली नोंदणी कर बसवण्यासाठीच होत असे. म्हणजे आपला प्रभू जन्मला तो कर भरणाऱ्यांच्या रांगेत. पट्टीचा पैसा किती कष्टाचा असतो हे त्या घराला सांगावे लागले नसेल.

म्हणून मला अरवनाचे खळे आठवते. पालिकेने माळा लावून दिल्या तर आपल्याला फुकट मिळतील, पण त्या फुकट नसतील. त्यांची किंमत दुसऱ्या कोणीतरी, न विचारता, चुकती केलेली असेल. अरवना निदान स्वतःच्या तोंडाने 'घ्या' म्हणाला होता, तरीही दाविदाने घेतले नाही. इथे तर करदात्याला कोणी विचारलेलेही नाही. अशा उजेडाला आपण प्रभूसाठी वाहिलेले दान कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता कोणी म्हणेल, चला, मग माळाच नकोत, सगळा पैसा गरिबांना द्या. थांबा, इथे आजचा दुसरा उतारा आडवा येतो. बेथानीत एक बाई जटामांसीच्या मोलवान तेलाची कुपी फोडते आणि प्रभूच्या मस्तकावर ओतते. भोवतालचे कुरकुरतात की तीनशे दिनारांहून जास्त आले असते, गरिबांना देता आले असते. प्रभू त्यांना गप्प करतो आणि तिने चांगले केले असे म्हणतो. प्रभूला उधळण चालत नाही, असे नव्हे. आनंदाच्या प्रत्येक गोष्टीला 'वायफळ' म्हणणारी धार्मिकता त्याला नको होती. नाताळला घराघरावर तारा लागावा, लेकरांनी माळा बघून टाळ्या पिटाव्यात, हे मला मनापासून हवे आहे.

पण बरं का, कुपी तिची होती. तिने शेजारणीच्या घरून उचलून आणली नव्हती. दाविदाची गोष्ट आणि हिची गोष्ट इथे एक होतात. स्वतःचे आहे तर कितीही ओता. दुसऱ्याचे असेल तर थेंबसुद्धा विचारून.

मग पालिकेकडे काही मागायचेच नाही का? मागायचे, जोरात मागायचे. सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणे हे महाराष्ट्रात १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने पालिकेवर टाकलेले कर्तव्य आहे. ते वर्षातल्या ३६५ रात्रींसाठी आहे. आपल्या तिरोड्याजवळ ३,३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. पण वीज तयार होणे वेगळे आणि गल्लीत दिवा असणे वेगळे. २०२१ मध्ये थकबाकीपायी राज्यातल्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली. शेवटी १५व्या वित्त आयोगाच्या निधीतून बिले भरायला शासनाने मुभा दिली. नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेला राहणाऱ्या बाईला अंधारात बिबट्याची आणि अस्वलाची धास्ती असते. शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला माणसांची असते. त्या पहिल्या नाताळच्या रात्री देवाचे तेज रानात जागत असलेल्या मेंढपाळांभोवती फाकले, हे विसरू नका. ज्यांच्यासाठी कोणी दिवा लावला नव्हता त्यांच्याकडे ते आधी गेले.

तर त्या मुलाला माझे उत्तर असे. समानतेची तुझी मागणी खरी आहे. पालिकेला सणांची रोषणाई करायचीच असेल तर नियम एकच हवा. दिवाळी, ईद, १४ एप्रिल, नाताळ, आणि माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला निघणाऱ्या गोंड बांधवांचा रस्तासुद्धा त्या यादीत हवा. एकाला देऊन दुसऱ्याला वगळणे हा अन्याय आहे आणि तसे स्पष्ट बोलायला आपण भिऊ नये. पण आपल्या बाजूने पहिले निवेदन माळांचे नको. वॉर्डातले बंद खांब मोजू, त्यांची यादी करू आणि ते सुरू करा म्हणून सही करू. शेजारच्या गल्लीतले लोकही त्यावर सही करतील, कारण तो दिवा त्यांचाही असेल.

माळा आपण वर्गणीतून लावू. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १९५४ मध्ये नाताळची रोषणाई सुरू झाली, ती तिथल्या दुकानदारांनीच एकत्र येऊन केली होती. आपली वर्गणी तेवढी नाही. दहा माळा होतील, फार तर पंधरा. मोठ्या चौकाच्या झगमगाटापुढे आपला रस्ता फिका दिसेल. त्या पोराच्या मनाला ते लागेल, आणि त्याचे दुःख मी लटके म्हणणार नाही. एवढेच सांगेन की त्या दहा माळांकडे बोट दाखवून 'आमच्या पैशाने' असे कोणालाही म्हणता येणार नाही.

मननासाठी: या नाताळात मी प्रभूला जे वाहणार आहे, त्यासाठी माझी काय झीज झाली? आणि माझ्या घराजवळचा कोणता खांब बंद आहे?

प्रार्थना: हे प्रभू, तू अंधारातल्या माणसांकडे आधी आलास. आम्हाला आमच्या खिशातून आनंद करायला शिकव, आणि सगळ्यांच्या पैशातून सगळ्यांची वाट उजळावी म्हणून बोलायचे धैर्य दे. ज्यांना आपण या गावात परके आहोत असे वाटते, त्यांच्या मनाला तुझा उजेड दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.