दाखल्यावरचा धर्म

मुलगा बारावी झाला की घरोघरी कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू होते. वैरागसारख्या गावातून त्यासाठी तालुक्याला, बार्शीला, खेपा घालाव्या लागतात. समजा, तेथील एक घर ख्रिस्ती आहे. आजोबांनी स्नानसंस्कार घेतला; त्यापूर्वी ते घराणे गावकुसाबाहेरचे. जमीन नाही, बाप मजुरीला जातो. मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात मात्र ‘हिंदू’ असे लिहिलेले आहे. हा शब्द तसाच राहिला तर मुलाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळतील. दुरुस्त करून घेतला तर त्या जातील. बापाने काय करावे?

हा पेच कायद्याने निर्माण केला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची गणली जात नाही. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्यातून सूट मिळाली. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली, ती सरकारने स्वीकारली नाही. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गात स्थान आहे, परंतु अनुसूचित जातीचे संरक्षण त्यातून मिळत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदाही त्यांच्यासाठी नाही. स्नानसंस्काराने जात गेली असे कायदा मानतो. गाव मानत नाही. आणि खरे सांगायचे तर आपणही पुरते मानत नाही; सोयरीक जमवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आपल्यातही हळूच विचारला जातोच.

अशा कागदाचा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढले की प्रत्येकाने देवतांना बळी अर्पावा आणि तसे केल्याचा साक्षांकित दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी न देता पैसे मोजून नुसताच दाखला मिळवला. हात धुपाला लागला नाही, फक्त कागद घेतला, मग पाप कोठे घडले, असे त्यांचे म्हणणे होते. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांना ते पटले नाही. कागदाने केलेला नकारही नकारच, असे त्यांनी ठरवले. तरी बळी देणारे आणि दाखला घेणारे यांना त्यांनी एकाच मापाने मोजले नाही. २५१ च्या धर्मसभेत प्रत्येकाची परिस्थिती निराळी तपासून दाखला घेणाऱ्यांना पुन्हा जवळ करण्याचे ठरले. स्वतः सिप्रियन त्या छळाच्या काळात लपून राहिले होते आणि त्याबद्दल त्यांना बोलणी खावी लागली होती. पुढे २५८ मध्ये त्यांनी रक्तसाक्ष दिली, पण भीती म्हणजे काय हे त्यांना आधीच ठाऊक झाले होते.

वैरागच्या त्या बापाला कोणी बळी द्यायला सांगितलेले नाही. त्याने फक्त गप्प बसायचे आहे. पेत्रासमोर तरी कोठे जल्लाद उभा होता? एक दासी होती, थंडीची रात्र होती आणि अंगणात शेकोटी पेटलेली होती.

माझ्या मते तो शब्द खोटा आहे आणि तो दुरुस्त झाला पाहिजे. त्या खोट्या शब्दावर मिळणारी जागा दुसऱ्या एखाद्या गरिबाच्या हक्काची असते, हे एक कारण. दुसरे असे की, ख्रिस्ती म्हणून आमच्यावर अन्याय होतो हे सांगायला आम्ही ख्रिस्ती म्हणून कागदावर असावे तर लागतो. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला; मनाने ख्रिस्ती राहून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाशी प्रतारणा होय, असे न्यायालयाने म्हटले. निकाल कठोर वाटतो, पण कागद आणि श्रद्धा यांची फारकत करता येत नाही हे त्यातून दिसलेच.

मात्र हे मत मी बसून लिहितो आहे. माझ्या मुलांची फी माझ्या पगारातून भरली गेली. माझ्या निष्ठेला कोणत्याही रकान्यात किंमत मोजावी लागली नाही. म्हणून सिप्रियन यांचे दुसरे एक पत्र मला अधिक मोलाचे वाटते. एका नटाने ख्रिस्ती झाल्यावर रंगभूमी सोडली, पण पोटासाठी तो इतरांना ती कला शिकवत असे. त्याचे काय करावे, असे एका बिशपने विचारले. त्याने तो धंदा सोडलाच पाहिजे, असे सिप्रियन यांनी कळवले. मात्र तेवढ्यावर न थांबता पुढे लिहिले की, त्याच्या पोटापाण्याची सोय ख्रिस्तसभेने करावी; आणि तुमच्याकडे ते झेपत नसेल तर त्याला आमच्याकडे पाठवा, अन्नवस्त्र आम्ही देऊ.

आपल्या धर्मग्रामाच्या सभांत सणाच्या मंडपाचा नि रोषणाईचा हिशेब होतो. दाखला दुरुस्त करून घेणाऱ्या घरातील मुलाची चार वर्षांची फी कोण भरणार, हा विषय मी तरी कधी कार्यक्रमपत्रिकेवर पाहिला नाही. प्रवेशअर्जाची मुदत मात्र दरवर्षी ठरल्या दिवशी संपते.