पेठेत मुक्काम कोणाचा?

"भामरागडच्या पेठेत दोन गाळे घ्या, इंटरनेट बसवा, पुण्या-नागपूरची मुलं लॅपटॉप घेऊन येतील आणि गाव उजळेल," असं नागपूरचे एक परिचित परवा बोलता बोलता म्हणाले. तेव्हापासून ते वाक्य मनात खुपतं आहे. दाखला आयर्लंडचा होता. तिथल्या सरकारनं २०२१च्या ग्रामीण धोरणात गावांच्या मुख्य रस्त्यांवरच्या रिकाम्या इमारतींत अशी कामाची केंद्रं उभारण्यावर भर दिला, हे खरं आहे.

पण भामरागडची पेठ काही तशी ओस पडलेली नाही; तिची अडचण वेगळी आहे. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की तालुका तुटतो. २०१९ साली तर पूर दुकानांत शिरला होता. अशा दिवसांत वीज जाते, मागोमाग रेंज. एरवी आठवडी बाजाराला हीच पेठ फुलते. माडिया बाया जमिनीवर फडकं अंथरून मोहफुलांचे, चारोळीचे, सुक्या मासळीचे वाटे मांडतात. दिवस कलला की लांबच्या गावांना परतायची घाई, आणि तासाभरात सगळं रिकामं.

म्हणून मला ये-जा आणि मुक्काम यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. ये-जा कितीही वाढली तरी पेठ उभी राहते ती मुक्कामाच्या माणसांवर. लांब बसून काम करणं भामरागडला नवीन नाही, फक्त त्याची दिशा उलटी आहे. नेमणूक इथं, बिऱ्हाड ६०-६५ किलोमीटरवर आलापल्लीला, नाहीतर अहेरीला, असे कितीतरी कर्मचारी आहेत. मुलांच्या शाळेची, दवाखान्याची त्यांची अडचण खरी आहे. पण मुख्यालयी राहतो म्हणून घरभाडे भत्ता उचलायचा आणि महिन्याचा किराणा दुसरीकडे भरायचा, हे मला पटत नाही. पगार निघतो भामरागडच्या नावानं, खर्च होतो बाहेर.

इथं हेमलकशाचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. पेठेपासून थोड्याच अंतरावर १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथं राहायला गेले. वीज नाही, धड रस्ता नाही. पुढं छत्तीसगडच्या हद्दीतूनही माणसं चालत उपचाराला येऊ लागली. यंत्रसामग्री नंतर आली. आधी डॉक्टर राहिले, रात्री-अपरात्री हाक मारली तर सापडू लागले.

मुक्कामाच्या या मापानं आमच्या परिचितांची योजना फेटाळायची, असंच मी ठरवलं होतं. हौशी पाहुणे चार दिवस जंगल बघून जातील, भाडी वाढवतील, हा माझा आक्षेप अजूनही आहे. पण तेच माप प्रामाणिकपणे लावलं तर वेगळं दिसतं. चार महिने खोली भाड्यानं घेऊन खानावळीत जेवणारा परका मुलगा, रोज संध्याकाळी गाडी पकडणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा या पेठेचा जास्त आहे. आणि त्याच्याआधी इथली पोरं आहेत. झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरायला आलेला पदवीधर बघा: एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात ओटीपीसाठी उंच धरलेला मोबाईल, आणि समोर 'सर्व्हर डाऊन'. बाहेरचं काम तारेवरून त्याच्यापर्यंत पोचलं तर त्याला गाव सोडावं लागणार नाही. जिल्ह्यात पोलिसांनी 'एक गाव एक वाचनालय' उपक्रमातून गावोगावी अभ्यासाच्या खोल्या उघडल्या आहेत. त्यामुळं टेबल-खुर्ची आणि दिवा दिला तर मुलं बसतील का, ही शंका मला राहिलेली नाही.

तेव्हा खोली हवीच. पण ती पुराच्या पातळीच्या वर, माडीवर असावी. छपरावर सौर पॅनेल, खोलीतच बॅटरी. नगरपंचायतीनं ती चालवावी, रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी, आणि निम्म्या खुर्च्या तालुक्यातल्या मुलामुलींसाठी बिनभाड्याच्या राखाव्यात. उरलेल्या खुर्च्या पुण्याच्या मुलांना जरूर द्याव्यात, पूर्ण भाडं घेऊन. एक टेबल शिक्षक आणि ग्रामसेवकांसाठीही असू द्यावं. ऑनलाइन माहिती भरायला आलापल्ली गाठावी लागते, ही त्यांची तक्रार तिथं मिटेल, आणि मुक्काम टाळायला दुसरं कारण शोधावं लागेल.