बंदूक सोडून सगळे फुकट

लास व्हेगासमध्ये व्हेनेशियन हॉटेलाला लागून असलेल्या प्रदर्शन केंद्रात दर जानेवारीत बंदूकवाल्यांचा मेळा भरतो. नाव ‘शॉट शो’. पहिला भरला १९७९ मध्ये, सेंट लुइसला. मग बरीच वर्षे गावोगाव फिरून २०१० पासून तो व्हेगासमध्ये स्थिरावला. चार दिवस, दोन हजारांहून अधिक स्टॉल आणि हजारोंची गर्दी. संध्याकाळी दारे बंद होताना बाहेर पडणाऱ्यांकडे नुसते पाहत उभे राहावे. खांद्यावर दुर्बिणीच्या कंपनीची पिशवी, पिशवीत काडतूस कंपनीची टोपी, टोपीत स्टिकरांचा गठ्ठा. शिवाय पेने, कीचेन, बंदुकीच्या तेलाच्या इवल्याशा बाटल्या, ओठांना लावायचे मलम आणि कोणी तरी सही करून दिलेले पोस्टर.

यातले कोणी गरजू नसते. आम जनतेला इथे प्रवेशच नाही. येतात ते दुकानदार, घाऊक व्यापारी, पोलीस खात्यांचे खरेदी अधिकारी, मासिकांचे लेखक. लाखोंची मागणी नोंदवायला आलेला दुकानदार दोन रुपयांच्या पेनासाठी रांगेत उभा राहतो. फुकट ते पौष्टिक हे ज्ञान मराठी माणसापुरतेच आहे असे थोडेच!

गंमत आहे ती वेगळ्याच गोष्टीत. दालनात बंदुकाच बंदुका मांडलेल्या असतात. कोणीही उचलावी, नेम धरावा, चाप ओढावा. नुसते ‘टक्’ होते, कारण मांडलेल्या बंदुकांच्या फायरिंग पिना आयोजकांच्या नियमानुसार आधीच काढलेल्या असतात. स्वतःचे शस्त्र आत आणायचे नाही, जिवंत काडतूस आणायचे नाही, जागेवर विक्री करायची नाही. खरी गोळी झाडून पाहायची असेल तर मेळ्याच्या आदल्या दिवशी बोल्डर सिटीजवळच्या रेंजवर जावे लागते. म्हणजे ज्या वस्तूसाठी हा सारा खटाटोप, तेवढी एक सोडून बाकी सगळे घरी नेता येते. अमेरिकेत बंदूक सहज मिळते हे खरे, पण दुकानातून ती घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पूर्वेतिहासाची तपासणी होते. स्टिकरला ना फॉर्म, ना तपासणी. या धंद्यातल्या फुकट वाटपाचे मर्म इथे आहे. माल कायद्याने बांधलेला आहे, मालाचे नाव मोकळे आहे. ते पिकअप ट्रकच्या काचेवर बसते, मुलाच्या वहीवर चिकटते, बापाच्या टोपीवर बसून चर्चलाही जाऊन येते.

योगायोग असा की हा मेळा संक्रांतीच्या आगेमागे येतो, म्हणजे आपल्याकडे घरोघरी हळदीकुंकवाची वाणे लुटली जात असतात तेव्हा. तिथेही वस्तू किरकोळ, उत्साह दांडगा, आणि परतफेडीची अपेक्षाही असतेच. पण वाण देणारी बाई समोरचीचे नाव-गाव लिहून घेत नाही. व्हेगासमध्ये टोपी हातात पडण्याआधी गळ्यातल्या ओळखपत्रावरचा कोड यंत्राने टिपला जातो. नाव, दुकान, फोन, ईमेल सगळे कंपनीच्या यादीत. टोपीची किंमत तिथेच वसूल होते.

ही कला या धंद्याला जुनीच आहे. रिव्हॉल्व्हरवाला सॅम्युएल कोल्ट हा तिचा आद्य उस्ताद. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने आपल्या शेकडो बंदुका मांडल्या, आणि पाहुण्यांना ब्रँडीही पाजली म्हणतात. त्याचा खरा डाव राजेरजवाड्यांवर होता. क्रिमियन युद्धाच्या सुमारास त्याने सोन्याच्या नक्षीची दोन जुळी रिव्हॉल्व्हरे घडवून घेतली. एक ऑटोमन सुलतान अब्दुल मजीदला नजर केले, दुसरे रशियाच्या झार निकोलसला. एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन सम्राट, आणि दोघांच्याही दिवाणखान्यात एकाच कारखान्याचा नमुना! आज त्यातले एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, दुसरे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेजमध्ये.

पुढे गिऱ्हाईक राजाऐवजी सामान्य माणूस झाला आणि भेटही स्वस्त झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विंचेस्टर, हर्क्युलिस पावडर अशा कंपन्या दुकानांना चित्रांची कॅलेंडरे आणि पोस्टरे वाटत. चित्रकारही फुटकळ नव्हते. एन. सी. वायेथसारखा नामांकित माणूस हर्क्युलिससाठी चित्रे काढी. फुकट मिळालेले हे कागद आज लिलावात चांगली किंमत घेतात. त्यामुळे व्हेगासला स्टिकर गोळा करणारा एखादा चतुर गडी ‘नातवंडांसाठी गुंतवणूक’ म्हणत असेल तर त्याला अगदीच हसू नये.

एवढ्याशा वस्तूने माणसाचे मत बदलते का? विचारले तर जो तो नाही म्हणतो. या प्रश्नाचा खरा कस लावला तो वैद्यकाने. २००९ मध्ये डेव्हिड ग्रँडी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वैद्यकीच्या काही विद्यार्थ्यांच्या आसपास लिपिटॉर या औषधाचे नाव छापलेल्या वस्तू, म्हणजे क्लिपबोर्ड आणि कागदाचे पॅड, सहज पडल्यासारख्या ठेवल्या. मायामीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा नकळत कल त्या औषधाकडे झुकला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कंपन्यांच्या भेटींवर कडक निर्बंध होते, तिथे तो उलट दिशेला गेला. त्याच वर्षीपासून अमेरिकी औषध कंपन्यांच्या संघटनेने स्वतःच्या आचारसंहितेत पेन आणि मग वाटणे बंद केले. पेनाने काहीच साधत नसते, तर ते वाटले कशाला असते आणि थांबवले तरी कशाला असते?

बंदुकीच्या मेळ्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण घेणाऱ्यांत सरकारी माणसेही असतात. अमेरिकी संघराज्याच्या कर्मचाऱ्याला एका वेळी २० डॉलरपर्यंतची आणि एका देणाऱ्याकडून वर्षभरात ५० डॉलरपर्यंतची भेट चालते. टोपी या मर्यादेत आरामात बसते. बंदूक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या एटीएफ या खात्याचाही मेळ्यात स्टॉल असतो. नियमन करणारे आणि ज्यांचे नियमन होते ते एकाच छताखाली, आणि पिशव्या दोघांच्याही हातात.

सर्वांत जास्त झुंबड उडते ती कापडी बिल्ल्यांवर. अमेरिकी लष्कराने गणवेशावरचे बिल्ले शिवण्याऐवजी वेल्क्रोने चिकटवायला सुरुवात केली आणि त्या पट्टीवर हौशी नागरिकांचाही डोळा गेला. आता कंपन्या मेळ्यापुरते खास बिल्ले काढतात, लोक ते गोळा करतात, अदलाबदल करतात, नंतर विकतातही. पेन वापरायचे असते, बिल्ला मिरवायचा असतो. तो लावणारा ‘मी या टोळीतला’ असे सांगतो. ही ओढ कंपन्या नेमकी ओळखून आहेत. ‘फुल मेटल जॅकेट’ चित्रपटातला तोंडाळ कवायत-मास्तर आर. ली अर्मी हा ग्लॉक या पिस्तूल कंपनीचा प्रवक्ता होता. त्याच्या सहीच्या फोटोसाठी त्या स्टॉलवर रांग लागे. पिस्तुलाचे गुणधर्म विचारायला रांग लागत नसे.

टोळीत घेण्याची ही भाषा एका कंपनीला महागात पडली. २०१० मध्ये बुशमास्टर रायफलीच्या जाहिरातीत ‘मर्दपणाचे कार्ड’ परत मिळवण्याची कल्पना होती. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यूटाउन गावी, सँडी हुक शाळेत, बुशमास्टर रायफलीनेच २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. शॉट शो भरवणाऱ्या संघटनेचे मुख्यालय तेव्हा त्याच गावात होते. महिन्याभराने मेळा भरला, आणि गर्दी बासष्ट हजारांवर गेली. २००५ चा कायदा शस्त्र कंपन्यांना बहुतेक दाव्यांपासून वाचवतो. तरी जाहिरातीच्या मुद्द्यावर खटला चालू शकतो, असे २०१९ मध्ये कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. २०२२ मध्ये बुशमास्टर जिच्या मालकीची होती त्या रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांनी नऊ पीडितांच्या कुटुंबांना ७.३ कोटी डॉलर द्यायचे मान्य केले. बंदुकीवर नव्हे, बंदुकीभोवतीच्या बोलण्यावर दावा उभा राहिला, हे बिल्ले छापणाऱ्यांनी ध्यानात घेतले असेल का?

क्वचित माल स्वतःच फुकट वाटला जातो. कोलोरॅडोत १५ हून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी यायची होती, १ जुलै २०१३ पासून. मॅगपुल ही मॅगझिन बनवणारी कंपनी तेव्हा तिथलीच. तिने बंदीच्या दोनच दिवस आधी डेन्व्हरला खेटून असलेल्या ग्लेनडेलमध्ये उत्सव भरवला आणि आधी येणाऱ्यांना तीस गोळ्यांची मॅगझिने मोफत दिली. तारखेआधी हाती असलेले मॅगझिन कायदेशीर ठरणार होते. एरवी फुकट वस्तू ही जाहिरात असते. त्या दिवशी तो सरकारविरुद्धचा मोर्चा होता, घोषणापत्रके वाटावीत तसा.

भारतातही शस्त्रांची प्रदर्शने भरतात. २०१६ चे डिफेक्स्पो गोव्यात केपे तालुक्यात झाले, २०२४ मध्ये पुण्याच्या मोशीला संरक्षण प्रदर्शन झाले. पण तिथे मुख्य गिऱ्हाईक सरकार. रणगाड्याचे स्टिकर स्कूटरवर लावून कंपनीचा खप वाढत नाही, म्हणून माहितीपत्रक आणि पिशवी यांच्यापुढे वाटपाची मजल फारशी जात नाही.

मालाचे नाव मोकळेपणी कुठेही जाते याला एक अपवाद मात्र आहे, आणि व्हेगासहून मुंबईला परतणाऱ्या माणसाने तो लक्षात ठेवावा. खऱ्या काडतुसाच्या पितळी कवचापासून केलेली कीचेन आणि बाटली उघडायची ओपनर या धंद्यात सर्रास दिसतात. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सवलत आहे, पण एक्स-रे यंत्रावर बसलेला जवान कलम ४५ उघडून बसत नाही. त्याला पडद्यावर काडतूस दिसते. पुढे बॅग उघडणे, पोलिसांना बोलावणे, जबाब. १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो. त्याच्या आधारे बॅगेत विसरलेल्या एखाद्या काडतुसाचे गुन्हे दिल्ली उच्च न्यायालयाने अनेकदा रद्द केले आहेत. मात्र तिथवर पोहोचायचे तर आधी वकील गाठावा लागतो.