खिन्न मन हा शीलभंग आहे काय?



मन शुद्ध तर कर्म शुद्ध, ही शिकवण आपल्या विहारांतून लहान मुलांनाही दिली जाते. परंतु ह्याच शिकवणीचा आधार घेऊन कोणी एच.आय.व्ही. बाधित माणसाला म्हणू लागला, "तुझे मन दुबळे, म्हणून तू उदास, ध्यान कर, औषध कशाला?" तर ते धम्माला धरून होईल काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहा. हा विषाणू रक्तातील पेशींपुरता थांबत नाही. लागण झाल्यावर सुरुवातीच्या काळातच तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे काहींची स्मरणशक्ती मंदावते, लक्ष लागत नाही, विचारांची गती कमी होते. १९९६ च्या सुमारास संयुक्त औषधोपचार आले आणि तीव्र स्मृतिभ्रंश पुष्कळ घटला. तरी सौम्य तक्रारी उपचार घेणाऱ्यांतही आढळतात. नैराश्य ह्या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक दिसते. एफाव्हिरेन्झसारख्या औषधानेही काहींना वाईट स्वप्ने पडतात, मन खचते. नैराश्य आले की गोळ्या चुकतात आणि गोळ्या चुकल्या की विषाणू बळावतो.

म्हणजे येथे दुःखाला कारणे आहेत. कारण शोधावे व ते दूर करावे, हाच प्रतीत्यसमुत्पादाचा व्यवहारातील अर्थ होय.

कोणी म्हणेल, हे पूर्वकर्माचे फळ आहे. संयुत्त निकायातील सीवक सुत्त पाहा. सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात, हे मत तथागतांनी नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी कारणे त्यांनी मोजून दाखविली. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात हा सिद्धांत फेटाळला, कारण त्यामुळे गरिबांच्या दैन्याची जबाबदारी झटकण्यास समाज मोकळा होतो.

दुसरा म्हणेल, त्याने तिसरे शील मोडले. मग पतीकडून लागण झालेल्या पत्नीने कोणते शील मोडले? जन्मतः बाधित बालकाने कोणते? आणि ज्याच्या हातून खरोखरच चूक घडली, त्याच्यासाठी करुणा नाही, असे धम्मात कोठे सांगितले आहे? शील हे स्वतःला आवरण्यासाठी आहे, दुसऱ्याला डागण्यासाठी नव्हे.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेपायी होणाऱ्या शोकाचा. वाचकहो, ह्या रोगात दुसरा बाण पुष्कळदा रुग्ण स्वतःला मारून घेत नाही. तो आपण मारतो. वेगळा पेला, वेगळे अंथरूण, विहारात बाजूला सरकणे, हे सर्व आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. १९५६ साली नागपूरला ते टाकून आलेल्यांच्या वारसांनी ते पुन्हा कोणावर लादावे काय?

ध्यानाला आमचा विरोध नाही. मन स्थिर होण्यास ते उपयोगी पडेल. पण ते गोळीची जागा घेऊ शकत नाही. सरकारी केंद्रांतून ही औषधे २००४ पासून विनामूल्य मिळतात. विसरभोळेपणा वा उदासी वाढली तर ती डॉक्टरांना सांगावी. तिच्यावरही उपचार आहेत. गोळीची वेळ घरच्यांनी आठवून द्यावी. रुग्णाची गोष्ट त्याच्या संमतीवाचून चारचौघांत बोलू नये; २०१७ च्या कायद्यानेही भेदभावाला मनाई केली आहे व गुप्ततेला संरक्षण दिले आहे.

अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजविले. हा रोग कशाने झाला, एवढे त्यांनी विचारले नाही. तुझी सेवा करणारा कोणी आहे काय, हे मात्र विचारले. आपल्या वस्तीत हा प्रश्न आपण कोणाला विचारला आहे काय?