ज्या प्रवासाची आठवण राहत नाही



शाळांना सुट्टी लागण्याचे दिवस जवळ आले की जुमाच्या नमाजनंतर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. कोणी गावी निघालेला असतो, कोणी आजारी नातलगाच्या भेटीस, तर एखादा भाग्यवान उमराहला. प्रश्न मात्र एकच असतो. ‘मौलाना, धाकटे अवघे दोन वर्षांचे आहे. त्याला काय कळणार आणि पुढे काय आठवणार? घरीच ठेवावे का?’

प्रश्न वरवर साधा आहे. परंतु त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. जे आठवत नाही ते वाया गेले, असे ते गृहीत होय. ते मान्य केले तर आईने रात्र-रात्र जागून पाजलेले दूधही वाया गेले असे म्हणावे लागेल, कारण आपल्यापैकी कोणालाही ते आठवत नाही. पवित्र कुरआनच्या सूरह लुकमानमध्ये अल्लाहने माणसाला आई-वडिलांशी कृतज्ञ राहण्याची ताकीद केली, तेव्हा आईने सोसलेला गर्भभार आणि दोन वर्षांपर्यंतचे दूध सोडविणे यांचाच उल्लेख केला. ज्या उपकारांची कोणत्याही संततीला आठवण नसते, नेमक्या त्याच उपकारांचा हा उल्लेख आहे.

सहीह मुस्लिममधील एक प्रसंग या संदर्भात मला वारंवार आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांची रौहा या ठिकाणी एका काफिल्याशी गाठ पडली. त्यातील एका स्त्रीने आपले लहान मूल वर उचलून धरले आणि याचीही हज होईल काय, असे विचारले. प्रेषितांनी (स.) होकार दिला, आणि तिचा मोबदला तुलाही मिळेल, असेही सांगितले. त्या मुलाला हज म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. तरीही त्याची यात्रा हिशेबात धरली गेली. आता फिकहशास्त्राची गंमत पाहा. विद्वानांच्या मते बालपणीची ही हज नफल ठरते. वयात आल्यावर ऐपत असेल तर त्याला फर्ज हज पुन्हा करावी लागते. म्हणजे तो प्रवास मोजलाही गेला आणि त्याने पुढची जबाबदारी टळलीही नाही. मदरशात हा मसला शिकलो तेव्हा तो केवळ परीक्षेपुरता पाठ केला होता. त्यातील शहाणपण मला स्वतः बाप झाल्यावर उमगले.

लहानपणचा प्रवास कधी स्मरणातही राहतो, हे खरे. साइब बिन यझीद (रजि.) यांना वयाच्या सातव्या वर्षी प्रेषितांसमवेत (स.) हजला नेण्यात आले होते, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतः पुढे कथन केली, ती सहीह बुखारीत आहे. स्वतः प्रेषितांना (स.) त्यांच्या मातोश्री आमिना वयाच्या सहाव्या वर्षी यस्रिबला घेऊन गेल्या होत्या. तेथे पतीची कबर होती आणि सासरे अब्दुल मुत्तलिब यांचे आजोळ, बनू नज्जारचे घराणे होते. परतीच्या वाटेवर अबवा येथे आमिना यांचे निधन झाले आणि उम्मे ऐमन यांनी त्या पोरक्या बालकास मक्केत आणले. हिजरतीनंतर मदीनेत ते घर पाहून प्रेषित (स.) आईच्या त्या मुक्कामाची आठवण काढीत, आणि तेथील विहिरीत आपण पोहायला शिकलो असे सांगत, अशी नोंद सीरतकारांनी केली आहे. आईसोबतचा तो अखेरचा प्रवास होता. मूल मोठे होईपर्यंत थांबू या, असे आमिना यांनी ठरविले असते तर?

मी मात्र थांबलो होतो. ही कबुली येथे देणे मला आवश्यक वाटते. माझी नानी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या खाडीकाठच्या गावी राहते. मी कोल्हापूरकडे इमामत करतो. बदली इमाम मिळाल्याखेरीज रजा मिळत नाही, आणि मिळाली तरी तीन दिवसांची. थोरला मुलगा झाला तेव्हा नानीचा निरोप आला की एकदा दाखवून जा. घाटाचा रस्ता आहे, पाऊस आहे, थोडा मोठा होऊ दे, म्हणजे त्यालाही नानी आठवेल, असे म्हणत मी चार वर्षे काढली. तोवर मोतीबिंदू आणि साखरेच्या आजाराने तिची दृष्टी गेली होती. तिने पणतवाला जवळ बसवून दोन्ही हातांनी त्याचे कपाळ, कान, हनुवटी चाचपली आणि म्हणाली, ‘नाक तुझ्या बापाचं आहे.’ मला तिने एका शब्दानेही बोल लावला नाही. चार वर्षे मी मुलाच्या स्मरणशक्तीचा विचार करीत होतो. नानीच्या डोळ्यांचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. सिला-ए-रहमी, अर्थात नाती जोडून ठेवण्यावर, मी कितीतरी जुमाचे खुत्बे दिले आहेत!

धाकटी झाली तेव्हा आम्ही ती आठ महिन्यांची असतानाच एस.टी.ने निघालो. आंबा घाटात तिने माझ्या सदऱ्यावर ओकारी केली. शेजारच्या आसनावर कपाळी बुक्का लावलेल्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. तासभर त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नव्हते. दाढी-टोपी पाहून आजकाल प्रवासात असे मौन पडते. कधी ते माझ्या बाजूनेही पडते. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली आणि जुने धडुते काढले, मुलीला स्वतःच्या मांडीवर घेतले आणि माझ्या पत्नीला आवळासुपारी दिली. साखरपा येईपर्यंत त्यांच्या सुनेचे बाळंतपण, गुडघेदुखी आणि मुंबईच्या मुलाची नोकरी, सारे आम्हाला कळले होते. राष्ट्रे आणि कबिले परस्परांना ओळखण्यासाठी निर्माण केले, असे सूरह हुजुरातमध्ये अल्लाह सांगतो. त्या आयतीवर मी व्याख्याने दिली आहेत. त्या दिवशी ओळख मात्र माझ्या आठ महिन्यांच्या मुलीने करून दिली.

आता ती पाच वर्षांची आहे. गेल्या वर्षी त्याच वाटेवर एका थांब्यावर मी जुहरच्या दोनच रकअती फर्ज अदा केल्या. ती बोटे मोजत उभी होती. ‘अब्बा, चार असतात. तुम्ही विसरलात.’ प्रवाशाला अल्लाहने सवलत दिली आहे, त्याला कसर म्हणतात, असे मी समजावले. गावी पोहोचल्यावर आईने सबक घ्यायला बसविले, तेव्हा ही म्हणाली, ‘मी मुसाफिर आहे, आज अर्धाच.’ दीन सोपा आहे, हे वाक्य वर्गात शंभरदा सांगून जे मनावर ठसले नसते, ते एका थांब्यावर ठसले. (सवलत सबकाला लागू नाही, हा मसला तिला अद्याप पटलेला नाही.)

अर्थात प्रवासाचे गोडवे गाताना त्याचा त्रास लपविणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. प्रवास हा यातनेचाच एक अंश आहे, असे प्रेषितांनी (स.) म्हटले आहे, कारण तो माणसाचे अन्न, पाणी आणि झोप हिरावतो. आजारी तान्ह्या बाळाला ऐन उन्हाळ्यात गर्दीत नेण्याची सक्ती शरीअतने कोणावरही केलेली नाही, आणि सवाबच्या हौसेपायी मुलाच्या जिवाशी खेळ करणे मला मान्य नाही. दुसरे असे की, हा त्रास बहुधा एकटी आई सोसते. दुपटी, डबा, औषध, रडणे, सारे तिच्याकडे. आणि आपण पुरुष मंडळी खिडकीशी बसून मुलांना डोंगर दाखवितो. मीही त्यातलाच होतो. तान्ह्या बाळाचे रडणे कानी पडताच त्याच्या आईची तगमग जाणून प्रेषित (स.) नमाज थोडक्यात आटोपत. ते प्रवासाहून परतत तेव्हा घरातील मुलांना त्यांच्या स्वागतास नेले जाई. एकदा त्यांनी अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांना आपल्या पुढे बसविले, फातिमा (रजि.) यांच्या एका मुलाला मागे घेतले, आणि एकाच वाहनावरून तिघे मदीनेत आले. थकून आलेला प्रवासी मुलांना आधी बाजूला सारतो, हा आपला रिवाज आहे.

थोरला आता नऊ वर्षांचा आहे. नानीची ती पहिली भेट त्याला आठवत नाही. मी विचारून पाहिले आहे. पण आम्ही गावी गेलो की नानी प्रत्येक वेळी ती हकीकत सांगते: तो कसा लाजून दाराआड उभा राहिला, मग तिच्या मांडीवर कसा झोपी गेला. गेल्या ईदला शेजारची मुले अंगणात जमली होती. तेव्हा तीच हकीकत हा त्यांना सांगत होता, दारासकट, मांडीसकट, जणू काल घडल्यासारखी. नानी ओसरीवर तस्बीह हातात धरून ऐकत होती. एका ठिकाणी तो चुकला, तेव्हा तिने आतूनच दुरुस्ती केली.