शेवटची दहा पावले



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला सांगतो (मत्तय १३:४४). एका माणसाला ठेव सापडते. तो ती पुन्हा झाकून ठेवतो, आनंदाच्या भरात घरी जातो, असेल नसेल ते सारे विकतो आणि ते शेत विकत घेतो.

आपल्या तरुणांना हा दाखला चटकन कळावा, कारण जिओकॅशिंग नावाचा असाच एक खेळ आज जगभर चालतो. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने जीपीएस उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. आत काही पुस्तके, एक गलोल, घेवड्याचा एक डबा, वही आणि पेन्सिल! त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर जाहीर केले. नियम साधा होता : काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधून काढली.

रानात बादली लपवणे सोपे आहे. शहरातल्या लहानशा बागेत मात्र लपवणाऱ्याची कल्पकता पणाला लागते. नखाएवढी डबी बाकाखाली चुंबकाने चिकटवतात, तर कुणी पोकळ बोल्टमध्ये कागदाची सुरळी घालतो. समजा, आपल्या टाऊन हॉलच्या बागेत कुणी अशी डबी ठेवली. लोक त्याच बाकावर बसून शेंगदाणे खातील, गप्पा मारतील, उठून जातील. कुणाला पत्ताही लागणार नाही.

याच बागेतल्या संग्रहालयात ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या वस्तू आहेत. १९४५-४६ मध्ये तेथे उत्खनन झाले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगातून आलेल्या कांस्याच्या वस्तू त्या टेकडीने पोटात ठेवल्या होत्या. समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती त्यांतलीच. कितीतरी पिढ्या त्या मातीवरून ये-जा करीत राहिल्या.

खेळातली खरी गंमत शेवटी आहे. उपग्रह तुम्हाला बागेच्या फाटकातून आत, त्या झाडापर्यंत आणून सोडतो. तिथून पुढच्या दहा पावलांत त्याची फारशी मदत होत नाही. तिथे वाकावे लागते, गुडघे टेकावे लागतात, बाकाखाली हात घालावा लागतो. येणारे-जाणारे हसतात, तेही सोसावे लागते.

बाप्तिस्मा, धर्मशिक्षण, आईने शिकवलेली जपमाळ, आमची प्रवचने, हे सारे आपल्याला अचूक जागी आणून सोडते. 'फादर, मी चाळीस वर्षांत एकही रविवार चुकवला नाही,' असे कुणी सांगितले की मला आनंदच होतो. पण झाडापर्यंत पोहोचणे म्हणजे ठेव सापडणे नव्हे.

आणि इथे खेळ व दाखला वेगळे होतात. खेळात फारसे काही खर्च होत नाही. डबी जागच्या जागी ठेवून माणूस घरी चहाला जातो. दाखल्यातला माणूस मात्र घरदार विकून बसतो, तेही आनंदाने. आपल्याकडे शेताचा व्यवहार अनेकदा नेमका उलटा होतो. अर्ध्या गुंठ्याच्या बांधासाठी आपण सख्खा भाऊ विकून टाकतो. वाटणी होते, कोर्टाच्या तारखा पडतात, आई जाते, आणि तिच्या मातीलाही दोघे दोन बाजूंना उभे राहतात. पुढे रविवारी दोघेही एकाच मिस्साला येतात. एक डाव्या रांगेत, एक उजव्या. 'शांती' म्हणताना शेजाऱ्याला हात जोडतात, पलीकडच्या रांगेकडे मात्र मान वळत नाही.

वेदीपुढे अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, असे प्रभूने बजावले आहे. त्याने त्यात कोण बरोबर, कोण चूक हे विचारलेले नाही. सातबारा कुणाच्या नावावर आहे, हेही विचारलेले नाही.

आपल्या मंदिरात डाव्या रांगेपासून उजव्या रांगेपर्यंत जेमतेम दहा पावले आहेत. आजच्या मिस्सात शांतिचिन्हाच्या वेळी मी नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ थांबणार आहे.