आवाज कोणाच्या स्वाधीन करावा?

जुन्या ग्रामोफोनच्या एखाद्या संग्रहालयात त्या पितळी भोंग्यांसमोर उभे राहिले की एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. मनुष्याचा आवाज जपून ठेवला म्हणजे त्याने दिलेले धनही जपले जाते काय?

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला. पुढे बर्लिनरने सपाट तबकडी आणली. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने भोंग्यात गावे, पडदा थरथरावा आणि सुईने मेणावर रेघ कोरावी, एवढीच ती करणी. पुढे रूढ झालेल्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. १९०३ साली नव्वदी ओलांडलेल्या पोप तेरावे लिओ यांचाही आवाज असाच मुद्रित झाला. त्याच वर्षी ते प्रभूघरी गेले. त्यांचा स्वर मात्र आजही ऐकता येतो.

उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांनी मात्र आपली एकही तबकडी मागे ठेवली नाही. म्हणून त्यांची गायकी लोपली काय? मुळीच नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठात ती जिवंत राहिली. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात पाठविलेल्या सुवर्ण तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. गुरूचा आवाज पृथ्वीवर कोठेही नाही आणि शिष्येचा ताऱ्यांच्या वाटेवर आहे!

यावरून यंत्र निरुपयोगी, असे आम्ही म्हणणार नाही. तबकडी नसती तर केसरबाईंचा स्वर आमच्या कानी पडला नसता. परंतु तो स्वर तबकडीने घडविला नाही. गुरूसमोर वर्षानुवर्षे बसून तो घडला. तबकडी तेच ते म्हणते. चुकलेल्या शिष्याला थांबवून ‘पुन्हा म्हण’ असे ती सांगू शकत नाही.

प्रभू येशूनेही स्वहस्ते ग्रंथ लिहून ठेवला नाही. आपला शब्द त्याने विसरणाऱ्या, भिणाऱ्या, पण सोबत राहिलेल्या माणसांच्या स्वाधीन केला.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत कामासाठी आलेल्या आमच्या कुटुंबांपुढे हाच प्रश्न आहे. गावाकडच्या आजीची प्रार्थना मोबाइलवर उतरवून आणली जाते, हे चांगलेच. पण पाळ्यांच्या धबडग्यात सायंकाळी मोबाइलवर जपमाळ लागते आणि घरचे आपापल्या कामात असतात. प्रार्थना घरात ऐकू येते. म्हणत मात्र कोणीच नाही. अशा घरातील मुलाला आजीचा आवाज मिळेल, तिची प्रार्थना मिळणार नाही.

थकलेल्या आईबापांकडून आम्ही फार मागत नाही. जपमाळेचे एक दशक म्हणावयास त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूएवढाच वेळ लागतो. तेवढे तरी मुलाला शेजारी बसवून म्हणावे. तो अडखळेल, तेथे थांबावे आणि त्याच्यासह पुन्हा म्हणावे.